गारगोटी की आजरा? डिसेंबरात दोन रात्री, गुऱ्हाळ आणि घनसाळ

मृण्मयी_पुणे

डिसेंबरच्या मध्यात दोन रात्री मोकळ्या आहेत. पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघणार. पाच माणसं: आई-बाबा (७४ आणि ७८), आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ हे सगळं झालेलं आहे, पुन्हा नको. शेतीवर चालणारं, शांत, तालुक्याचं गाव हवं आहे, जिथे पाहुण्यांसाठी म्हणून काही मांडून ठेवलेलं नाही. लेकीला उसापासून गूळ कसा होतो ते डोळ्यांसमोर बघायचं आहे. आईला घनसाळ तांदूळ पिकतो तिथूनच घ्यायचा आहे.

नकाशा बघून गारगोटी आणि आजरा अशी दोन नावं काढली आहेत. दोन्ही एका फेरीत बसतात की एक सोडावं? गुऱ्हाळ बघायला आधी कुणाला विचारावं लागतं, की नुसतं जाऊन उभं राहायचं? मुक्काम कुठे? "रिसॉर्ट बघा" हा सल्ला कृपया नको.

वेदगंगाकाठ

दोन्ही बसतात. फक्त क्रम उलटा करू नका. आधी गारगोटी, मग आजरा, आणि परतताना गडहिंग्लज-संकेश्वरवरून हायवे.

कारण साधं आहे. गुऱ्हाळं कोल्हापूरच्या जवळच्या पट्ट्यात जास्त: करवीर, कागल, पन्हाळा, राधानगरी आणि खाली भुदरगडच्या (गारगोटीचा तालुका) तोंडापर्यंत. आजऱ्याकडेही ऊस भरपूर आहे, पण तो बहुतेक कारखान्याला जातो, तिथे गुऱ्हाळ शोधत फिरण्यात दिवस जाईल. उलट घनसाळ आणि काजू आजऱ्याचे. म्हणजे पहिला दिवस गुळाचा आणि दुसरा भाताचा, असं आपोआप पडतं.

कोल्हापूर ते गारगोटी पन्नासेक किलोमीटर. वाटेत बिद्रीचा साखर कारखाना लागतो, पुढे मुदाळतिट्टा. तिट्ट्यापाशी निपाणी-राधानगरी रस्ता आडवा जातो आणि शेजारीच आदमापूर, बाळूमामांचं देवस्थान. निघण्याआधी कॅलेंडरात अमावास्या बघा. अमावास्येला आणि तिच्या आदल्या संध्याकाळी या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, पंधरा मिनिटांच्या अंतराला दीड तास जातो. रविवारीही गर्दी असते, पण चालवता येते.

गारगोटीत "बघायला" काय आहे असं विचारलं तर उत्तर छोटं आहे. वेदगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. १९५२ साली उभं राहिलेलं मौनी विद्यापीठ, ग्रामीण शिक्षणातलं जुनं नाव. डिसेंबर १९४२ मध्ये इथल्या कचेरीवर हल्ला झाला, त्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. बाकी बाजारपेठ म्हणजे बी-बियाण्यांची दुकानं, ठिबकच्या नळ्या, खुरपी-विळ्यांना धार लावून देणारे, पत्र्याच्या घागरी आणि घोंगडी. तुम्हाला हवं आहे ते हेच. सकाळी नऊ ते साडेदहा बाजारात चाला, त्या वेळी खेड्यातून आलेली माणसं असतात. दुपारी दोन ते चार अर्धी दुकानं पेंगतात.

दूध संकलन मात्र चुकवू नका. कुठल्याही लहान गावातल्या दूध संस्थेसमोर सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर किटल्या घेऊन रांग असते. मोजमाप, नमुना, मशीनवर फॅट, चिठ्ठी, असं एका माणसामागे मिनिटभराचं काम. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून लागतो, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून. त्याच्या वर-खाली पॉइंटला पैसे वाढतात-कमी होतात. चिठ्ठीवरचे हे आकडे लेकीला वाचायला लावा, शाळेतला दशांश अपूर्णांक तिथे कळेल. मध्ये उभं राहू नका, कडेला थांबा. रांगेतल्या बाईला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात.

हाताशी तीन तास असतील तर पाटगावला जा, तीसेक किलोमीटर आत. मौनी महाराजांचा मठ, धरण आणि मध. "मधाचं गाव" म्हणून ते हल्ली ओळखलं जातं. रस्ता वळणांचा आहे, आजी-आजोबांना पुढच्या सीटवर बसवा.

गूळमार्केट

गुऱ्हाळाबद्दल लिहितो. लोक जातात, धूर आणि चुलवाण (काहिलीखालची मोठी चूल) बघतात, रस पितात, परत येतात, आणि मुख्य गोष्ट बघायची राहून जाते. म्हणून वेळेचं गणित आधी समजून घ्या.

एका काहिलीतल्या (रस उकळायची मोठी उथळ कढई) एका उकळीला "आधण" म्हणतात. रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत अडीच ते तीन तास. पहिलं आधण पहाटे तीन-चारला लागतं, त्यामुळे ते सहा-सातला उतरतं आणि दुसरं नऊ-दहाच्या सुमारास. बघण्यासारखं सगळं शेवटच्या चाळीस मिनिटांत असतं. म्हणून गेल्या गेल्या एकच प्रश्न विचारा: "आधण कधी उतरणार?" दीड तास आहे म्हणाले तर तोवर उसाच्या फडात चक्कर मारून या.

काय बघायचं ते क्रमाने सांगतो. घाण्यातून एक टन उसाचा साधारण ५५० ते ६५० लिटर रस निघतो. तो गाळून काहिलीत जातो. तापायला लागला की त्यात रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात आणि थोडी चुन्याची निवळी. चुना रसाची आंबट बाजू मारतो, भेंडीच्या चिकट पाण्यात गाळ अडकून वर येतो. ही वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहायची, हे काम सतत. मळी नीट निघाली नाही तर गूळ पुढे काहीही केलं तरी काळपट आणि किरकिरा. ती निघून गेली की रस उजळ पिवळ्या रंगाचा होतो, मग जाळ वाढवतात. जाळायला सरपण नाही, आधीच्या दिवसांची, रस काढून उरलेल्या उसाची वाळलेली चिपाडं. म्हणूनच पाऊस पडला की गुऱ्हाळ बंद. चिपाडं ओली झाली की जाळ धरत नाही.

१०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी असते. ज्यांना काकवी हवी त्यांनी तेव्हाच सांगायचं, नंतर मागून मिळत नाही. त्यापुढे फेस जाड होतो, बुडबुडे मोठे आणि जड फुटायला लागतात आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) काहिलीजवळून हलत नाही. ११८ च्या जवळ आलं की तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो. बोटांनी गोळी वळली आणि ती भांड्यावर आपटल्यावर टक्क वाजली, की काहील उतरवायची. बहुतेकांकडे थर्मामीटर नसतो, असला तरी बघत नाहीत. दोन अंश मागे राहिला तर गूळ पावसाळ्यात पाझरतो, दोन अंश पुढे गेला तर करपट लागतो. सगळा पैसा त्या एका मिनिटावर असतो, म्हणून त्या वेळी गुळव्याला काहीही विचारू नका. फोटो काढायचा तर लांबून.

मग पाक वाफ्यात (निववायच्या उथळ हौदात) ओततात, लांब दांड्याच्या फावड्याने हलवून निववतात आणि कापड घातलेल्या बादल्यांत भरतात. काही वेळात रवा, म्हणजे गुळाची ढेप, निघतो. जुनं माप ३० किलोचा रवा, आता १०, ५, १ आणि अर्धा किलोचेही करतात. एका टन उसाला ११० ते १२५ किलो गूळ हा धरायचा हिशोब.

डिसेंबर निवडला आहे तो बरोबर आहे. हंगाम दिवाळीपासून सुरू होतो. पाडव्याला शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात. पण नोव्हेंबरचा ऊस पुरता पिकलेला नसतो. थंडी पडली की उसात साखर भरते, गुळाला कणी येते. मार्चनंतर ऊस वाळायला लागतो आणि मजूरही पांगतात. मे महिन्यात गुऱ्हाळ बघायला येणारे रिकामी काहील बघून जातात.

परवानगीचं: दार नसतं, पण मालक असतो. आधी मालकाला किंवा घाण्यावरच्या माणसाला नमस्कार करून "पोरीला दाखवायला आणलंय" एवढं सांगा. नाही म्हणणारे फार थोडे. पैसे देऊ करू नका, अवघडतात. जाताना पाच-दहा किलो गूळ रोखीने घ्या, तेच बरं दिसतं.

नऊ वर्षांच्या मुलीला तीन ठिकाणी लांब ठेवा. घाणा (ओढणी आणि सैल बाही रोलरमध्ये जाते, केस बांधा), काहिलीची कड, आणि चुलवाणाचं तोंड. काहिलीभोवतीची जमीन रसाने बुळबुळीत असते. पाक कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही, म्हणून भाजलं तर खोल भाजतं. आजोबांना खुर्ची मागा, देतात. धुराच्या विरुद्ध बाजूला बसवा.

आजरेकर

वेदगंगाकाठ यांनी आजऱ्याला दुसरा दिवस दिला तो ठीक, पण मुक्काम दोन्ही रात्री आजऱ्यातच करा असं माझं मत. गारगोटीहून पिंपळगाव-उत्तूरमार्गे आजरा संध्याकाळपर्यंत सहज गाठता येतं. पेटी दोनदा भरायची-उघडायची, तेही ७८ वर्षांच्या माणसाबरोबर, कशाला?

आता घनसाळ. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा आखूड आणि वास शिजताना घरभर जातो. तांबड्या जमिनीत, भरपूर पावसात आणि थंड हवेत हा वास भरतो. तेच बियाणं खाली देशावर नेऊन लावलं तर भात होतो, वास राहत नाही. पीक उंच वाढतं म्हणून वारा-पावसात लोळतं, शिवाय उतारा (एकरी पीक) कमी. त्यामुळे शेतकरी घरापुरता आणि थोडा विकायला एवढाच लावतो. भाव जास्त का, याचं उत्तर एवढ्यातच आलं.

इथे तुमच्या आईंनी सावध राहायचं. डिसेंबरच्या मध्यात घनसाळची मळणी नुकतीच झालेली किंवा चालू असते. नवा तांदूळ घ्याल तर भाताचा गोळा होईल, मग फसवलं असं वाटेल. फसवलेलं नसतं. नव्या तांदळात ओल असते, तो चिकट शिजतो. "सालाचा जुना आहे का" असं विचारून मागच्या वर्षीचा घ्या. नवाच घ्यायचा तर न शिजवता चार-सहा महिने ठेवायच्या बोलीवर घ्या. पाण्याचं प्रमाण: जुन्याला दुप्पट, नव्याला दीडपट. धुताना दोनच पाणी, चोळायचं नाही.

ओळखायचं कसं? इंद्रायणी मिसळून विकतात. इंद्रायणीचा दाणा लांब, घनसाळचा आखूड. मूठभर तळहातावर पसरलं की दोन लांबीचे दाणे उघड दिसतात. नुसत्या वासावर जाऊ नका, इंद्रायणीलाही वास आहे. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे भात घेऊन समोर गिरणीत कांडून घेणं. एक क्विंटल भाताचे ६० ते ६५ किलो तांदूळ पडतात, तुम्हाला वीस किलो हवे तर बत्तीस-तेहतीस किलो भात. कमी पॉलिशचा सांगा, वास जास्त राहतो, पण मग लवकर कीड लागते. पत्र्याच्या डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.

काजू: आजरा आणि चंदगडमध्ये घराघरातून काजूचे लहान कारखाने आहेत. बी मार्च ते मे गोळा होते, पण साठवून वर्षभर फोडतात, म्हणून डिसेंबरातही काम बघायला मिळेल. साधारण चार किलो बीला एक किलो गर. टरफलात तेल असतं ते कातडी भाजतं, लेकीला ताजी फोडलेली टरफलं हातात देऊ नका. विकत घेताना डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० असे प्रकार दाखवतील. आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. घरात शिरा-भाजीत घालायचे असतील तर तुकडा घ्या, चव तीच.

गावात रवळनाथाचं देऊळ आहे, ग्रामदैवत. गावाबाहेर हिरण्यकेशीवर रामतीर्थ: काळ्या खडकांवरून नदी उतरते आणि काठाला जुनी देवळं. डिसेंबरात पाणी बेताचं, बसायला सावली. फक्त खडकांवर उतरू नका, शेवाळ वाळल्यासारखं दिसतं आणि सटकतं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, एरवी शुकशुकाट.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. आजरा-चंदगड भागात रानटी हत्तींचा वावर आहे आणि गवे तर सर्रास. अंधार पडल्यावर शिवारात किंवा जंगलाकडेच्या रस्त्यावर पायी फिरू नका. गाडीसमोर गवा आला तर हॉर्न आणि फ्लॅश नको, दिवे मंद करून थांबा, तो जातो. हत्ती आला आहे असं गावात कळलं तर "दाखवता का" असं विचारायचं नाही. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

वेदगंगाकाठ

@आजरेकर, दोन रात्री आजऱ्यात केल्या तर पहाटेचं गुऱ्हाळ जातं. पुण्याहून निघालेला माणूस कोल्हापूरच्या पुढे दुपारी पोचणार, तोवर आधणं आटोपत आलेली. गुऱ्हाळ दुसऱ्या दिवशी सकाळीच बघता येईल, आणि त्यासाठी आदली रात्र गारगोटीत किंवा त्या रस्त्यावरच हवी. पेटी दोनदा भरावी लागेल, मान्य.

आजरेकर

हे बरोबर. मग पहिली रात्र गारगोटी, दुसरी आजरा. माझं मागे.

स्टँडवरचा

रस्ते आणि राहण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

गारगोटीत आणि आजऱ्यात दोन्हीकडे स्टँडजवळ साधे लॉज आहेत. फोटो बघून ठरवू नका, जाऊन खोली बघा: गिझर चालू करून बघा, कमोड आहे का ते बघा (वडीलधाऱ्यांसाठी हाच मोठा प्रश्न), आणि खोली पहिल्या मजल्यावर असेल तर जिन्याला कठडा आहे का. लिफ्ट धरूच नका. बांधकाम खात्याची विश्रामगृहं तालुक्याच्या गावी असतात, पण आरक्षण खात्याच्या कार्यालयातून आणि सरकारी पाहुणा आला की तुमची खोली जाते. शेतावर राहायचं असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर केंद्रांना पर्यटन संचालनालयाची नोंदणी मिळते. फोनवर "नोंदणी आहे का, आणि डिसेंबरात शेतात काय चालू असतं" हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याला गुळमुळीत उत्तर आलं तर ते शेत नाही, लॉन आहे.

रस्त्याचं मुख्य दुखणं ऊसवाहतूक. नोव्हेंबर ते मार्च ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि बाहेर लोंबणारा ऊस. मागचा दिवा उसाने झाकलेला असतो किंवा नसतोच. सूर्य मावळल्यावर या रस्त्यांवर गाडी चालवू नका, हा या धाग्यातला सगळ्यांत कामाचा सल्ला समजा. दिवसा ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा की ट्रॉली दोन आहेत, एक संपली म्हणून आत घुसाल तर दुसरी अंगावर. चढावर तर मुळीच मागे चिकटू नका, पिन निसटली की ट्रॉली मागे येते. पहाटे बैलगाड्याही असतात, ऊसतोडणी मजुरांच्या. बैल हॉर्नला बुजतात.

नदीवर कोल्हापुरी बंधारे लागतील, नकाशा कधीकधी त्यावरून वाट दाखवतो. डिसेंबरात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, पाणी अडवलेलं असतं, वरून दुचाकी आणि लहान गाडी जाते. पण रुंदी एका गाडीची आणि कठडा जेमतेम. समोरून कुणी येत नाही हे बघून मगच चढा, मध्ये गाठ पडली तर रिव्हर्स घ्यावा लागतो. आई-बाबांना घेऊन पुलाचाच रस्ता बरा, दोन-चार किलोमीटर वाढले तरी.

परतीला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. संकेश्वर-निपाणी कर्नाटकात आहेत. स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर काही नाही. भाड्याची पिवळ्या पाटीची असेल तर ड्रायव्हरला कर्नाटकाचं परमिट आधीच विचारा, कोगनोळीला, हद्दीवरच्या नाक्यावर, उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही. परमिट नसेल तर आल्या वाटेने गारगोटीवरूनच परत जावा, तो रस्ता सगळा महाराष्ट्रातून आहे.

गाडी सोडून एसटीने जायचं असेल तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून दोन्हीकडे गाड्या आहेत. वडिलांचं ७५ च्या वर म्हणजे फुकट, आईंना अर्धं तिकीट. वयाचा मूळ पुरावा जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो कंडक्टर मानेलच असं नाही.

खानावळी दुपारी तीनपर्यंत. मटण रविवारी-बुधवारी ताजं, सोमवारी-गुरुवारी-शनिवारी बरेच जण शाकाहारी, त्या दिवशी मांसाहाराचा आग्रह धरू नका, आदल्या दिवसाचा रस्सा मिळेल. "तिखट कमी" असं सांगून उपयोग नाही. चटणी आधीच फोडणीत गेलेली असते. साधी आमटी-भात-भाकरी आणि वाटीभर दही मागा.

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे आभार, अमावास्या बघून तारीख दोन दिवस पुढे नेली. रविवारी पुणे सोडून रात्री गारगोटी, सोमवारी पहाटे गुऱ्हाळ, दुपारी आजरा, मंगळवारी तांदूळ-काजू आणि परत.

दोन शंका. गूळ पिवळा घ्यावा की काळा? सगळे "सेंद्रिय" म्हणतात, ओळखायचं कसं? आणि काकवी पुण्यापर्यंत टिकेल का?

गूळमार्केट

रंगावर दोन्ही बाजूंनी फसगत आहे. लिंबासारखा पिवळा धमक रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरीने येतो. ती रस उकळताना टाकतात, रंग उजळतो, पण काही महिन्यांत गूळ पुन्हा काळवंडतो. तरी काळा म्हणजे सेंद्रिय हेही खरं नाही. मळी न काढलेला, करपलेला किंवा शिळ्या उसाचा गूळही काळाच. तोडल्यावर ऊस चोवीस तासांच्या वर पडून राहिला की त्यातली साखर फुटते, मग गूळ बसत नाही, हाताला चिकटतो आणि व्यापारी त्यालाच "नैसर्गिक मऊ" म्हणून विकतो.

बघायचं असं. फोडल्यावर मधल्या भागाचा रंग सोनेरी-तपकिरी, कणी बारीक आणि सारखी. ठळक चमकणारे खडे दिसले तर त्यात साखर घातली आहे, हा प्रकार हल्ली फार. जिभेवर आधी गोड आणि मागाहून जरासा खारट लागला तर ऊस क्षारपड जमिनीतला, हा दोष गुळव्याचा नाही. खताचा युरिया जास्त झालेल्या उसाचा गूळही मऊ आणि लवकर पाझरणारा. तुम्ही समोर बघून घेणार आहात, मग प्रश्न सोपा आहे: उतरवायच्या आधी काहिलीत कुठली पांढरी पूड पडली का, एवढं डोळ्यांनी बघा. चुना सुरुवातीला पडतो, शेवटी पडते ती दुसरी.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळावरच्या रव्यावर शिक्का शोधत बसू नका. एक किलोचे रवे घ्या, मोठा रवा घरी फोडताना अर्धा चुरा होतो. वर्तमानपत्रात नको, कोऱ्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात.

काकवी टिकते, जर भांडं कोरडं असेल तर. स्टीलची झाकणाची किटली घरून न्या. काचेच्या बाटलीत गरम ओतली तर तडकते आणि प्लॅस्टिकची बाटली आकसते. पूर्ण गार होईपर्यंत झाकण सैल ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी आत पडून आठवड्यात आंबूस वास येतो. तळाला खडे धरले तर खराब झाली असं नाही, किटली कोमट पाण्यात ठेवा.

आजरेकर

सोमवारी दुपारी उत्तूरवरून येताय तर भाताची कापणी-मळणी रस्त्याकडेलाच दिसेल. आजींना गाडीतून उतरायला नको, तिथेच थांबवा. रस्त्यावर पसरून वाळत घातलेल्या भातावरून चाक घालू नका, खाली कुणाचं तरी वर्षाचं असतं. बाजूने जायला जागा नसेल तर हाक मारा, माणूस येऊन ताडपत्री ओढून घेतो.

गावात आल्यावर तांदळाचं पहिल्याच दुकानात ठरवू नका. संध्याकाळी भाव विचारून ठेवा, नमुना म्हणून पाव किलो घ्या, लॉजवाल्याला नाहीतर खानावळीत सांगून रात्री तेवढा शिजवून बघा. सकाळी मग पोतं.

स्टँडवरचा

आणि पोतं डिकीत गुळाच्या वर ठेवा, खाली नको. गूळ उन्हात गाडीत मऊ पडतो आणि तांदळाला वास लागतो. दोन्हींच्या मध्ये जुनी चादर.

शिवाय सुटे पैसे. गावात फोनवरून पैसे घेतात, पण गुऱ्हाळावर आणि शेतकऱ्याच्या दारात रेंज असेलच असं नाही. एटीएम गारगोटीतच करून घ्या.